क्लारा शूमान यांच्या शिकवणीच्या मापाने यामाहा पी-१४५

पेटीवर चार-पाच वर्षं हात बसलेलं मूल पियानोपुढे बसलं की पहिल्या ओळीतच ओळखू येतं. ते पट्टी तळापर्यंत दाबतं, तिथेच रेटून धरतं, आणि सूर मोठा करायची वेळ आली की त्याचा डावा हात भाता शोधू लागतो. यात मुलाची चूक नाही. पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो. पट्टी फक्त हवेची वाट उघडते आणि मिटते. पियानोत मात्र पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर सगळं ठरतं. त्या वेगाने हातोडी तारेवर जाते, तारेला लागते आणि लगेच सुटते. त्यानंतर पट्टी कितीही रेटली तरी सुरात तीळभर फरक पडत नाही.

म्हणून वाद्य घेताना आवाज किती गोड आहे हे नंतर बघायचं. बोटाने जे केलं ते वाद्याला कळतं का, हे आधी. नागपुरात बहुतेक घरांत सुरुवात सीताबर्डीहून आणलेल्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर होते. हलक्या प्लास्टिकच्या पट्ट्या, खाली स्प्रिंग. चाल काढायला, सरगम बसवायला तो पुरतो. पियानोचा हात मात्र त्यावर तयार होत नाही, उलट बिघडतो. पुढची पायरी ८८ वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोची, आणि त्यातला २०२३ मध्ये आलेला यामाहाचा पी-१४५ हा पहिल्यांदा घेणाऱ्यांच्या यादीत हमखास असतो. इथे तो एकाच मापाने मोजला आहे: एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पियानोवादक आणि शिक्षिका क्लारा शूमान आपल्या विद्यार्थ्यांकडून जे मागत, ते या वाद्यावर घडतं का?

हे माप निवडण्याला कारण आहे. क्लारा यांचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ चा, लाइपझिगचा. वडील फ्रीडरिख वीक पियानो शिकवत, विकत आणि भाड्यानेही देत. म्हणजे मुलगी वाढली तीच पियानोच्या दुकानात. चार वर्षांची होईपर्यंत ती जवळजवळ बोलतच नव्हती. पाचव्या वर्षी वडिलांनी शिकवायला घेतलं, पण सुरुवातीला स्वरलिपी दाखवलीच नाही. ऐकायचं, छोटे तुकडे वाजवायचे, तेच निरनिराळ्या स्केलमध्ये फिरवायचे. आपल्याकडे गुरू आधी गळ्यात उतरवतो आणि वही नंतर उघडते, त्याच्या हे फार जवळचं आहे. रोज एक तास धडा, दोन तास सराव आणि मोकळ्या हवेत लांब फेरी, असा नेम होता. २० ऑक्टोबर १८२८ ला, वयाच्या नवव्या वर्षी, ती लाइपझिगच्या गेवांडहाउस या संगीत सभागृहाच्या मंचावर आली. अकराव्या वर्षी तिथेच तिचा स्वतःचा कार्यक्रम झाला. सोळाव्या वर्षी तिने स्वतः रचलेला ए मायनरमधला कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, वाजवला, आणि वाद्यवृंदाचं संचालन करत होते संगीतकार मेंडेल्सोन.

वीक यांनी १८५३ मध्ये आपली पद्धत पुस्तकात मांडली. पुस्तकाच्या नावातच पियानो आणि गाणं शेजारी शेजारी आहेत. इटालियन गायक सूर जसा लावतात, तसा तो पियानोवर लागला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मराठी वाचकाला यासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. सतारीबद्दल, बासरीबद्दल आपण गायकी अंग म्हणतो, तेच हे. अडचण एवढीच की पियानोवर मींड नाही, आणि सूर लागल्या क्षणापासून विझायला लागतो. मग गाण्याचा भास आणायचा कसा? पुढचा सूर आधीच्या सुराच्या विझण्याशी जुळवून लावायचा, आणि हाताचं वजन एका बोटावरून दुसऱ्या बोटावर मध्ये न तोडता न्यायचं. एवढ्या दोनच गोष्टी हातात असतात.

१२ सप्टेंबर १८४० ला, एकविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी, क्लारा यांनी संगीतकार रॉबर्ट शूमान यांच्याशी लग्न केलं. वडिलांचा विरोध होता, प्रकरण कोर्टात गेलं होतं. आठ मुलं झाली. १८५४ मध्ये रॉबर्ट यांना एंडेनिखच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि २९ जुलै १८५६ ला ते गेले. त्यानंतर घर चाललं ते क्लारा यांच्या दहा बोटांवर. १८७० च्या दशकात हाताच्या दुखण्यामुळे त्यांना मैफली काही काळ थांबवाव्या लागल्या. हे लक्षात ठेवावं, कारण वाईट पट्ट्यांशी झुंजणाऱ्या लहान हातांचा विषय खाली येणार आहे.

१८७८ मध्ये त्या फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, शिकवू लागल्या. योआखिम राफ संचालक होते, आणि शिक्षकवर्गात क्लारा एकट्याच बाई. मारी आणि ओयगेनी या मुली त्यांच्या मदतनीस होत्या; तंत्राची कच्ची बाजू त्या आधी पक्की करून घेत. १८९२ पर्यंत हे काम चाललं. फॅनी डेव्हिस, अ‍ॅडेलिना डी लारा, लिओनार्ड बॉर्विक, इलोना आयबेनशुट्झ अशी विद्यार्थ्यांची फळी तिथून बाहेर पडली. डेव्हिस आणि डी लारा यांची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत, ती ऐकावीत. त्या घराण्याचा हात त्यांतून कळतो. पट्टी ठोकायची नाही, दाबायची. बोटं पट्टीच्या जवळ, मनगट सैल, हात उंचावरून आणायचा नाही. वरच्या चालीखाली दडलेले मधले सूर ऐकू आले पाहिजेत. आणि कागदावर जे लिहिलंय त्याच्याशी इमान.

आता पी-१४५ कडे.

पट्ट्यांच्या यंत्रणेला कंपनी जीएचसी म्हणते. खर्जाकडच्या पट्ट्या थोड्या जड, तारसप्तकाकडे जाताना हलक्या, जशा खऱ्या पियानोत असतात. वजन ११.१ किलो, रुंदी सुमारे १३३ सेंटिमीटर, खोली जेमतेम २७. धरमपेठेतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीला लागून सहज मावतो. पण ही कमी खोली फुकट मिळत नाही. पट्टी ज्या टेकूवर डोलते तो टेकू पुढे सरकलेला असतो, त्यामुळे पट्टीच्या टोकाशी दाबलं तर हलकी आणि मुळाशी, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाबलं तर चांगलीच जड लागते. सी मेजरमध्ये, म्हणजे नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर, हे कळतही नाही. ई फ्लॅट किंवा ए फ्लॅटमध्ये अंगठा आत जातो तेव्हा लगेच कळतं. मग मूल तो जडपणा मनगट आवळून भरून काढतं, आणि इथेच सवय बिघडते. उपाय साधा आहे: काळ्या पट्ट्यांचे स्केल सुरुवातीला मंद लयीत, दिवसाला दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि हात दुखला तर तिथेच थांबायचं.

तपासायला रॉबर्ट शूमान यांनी १८४८ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या ४३ तुकड्यांच्या संग्रहासारखं साधन दुसरं नाही. थोरली मुलगी मारी सात वर्षांची झाली तेव्हा तिच्या वाढदिवसासाठी त्याची सुरुवात झाली. पहिला तुकडा, मेलोडी, सी मेजरमध्ये. उजवा हात गातो, डावा सावकाश झुलतो. यात डावा हात उजव्याच्या निम्म्याने ऐकू आला पाहिजे. ६१ पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डवर हे जमतच नाही. डावा हात हळू करायला गेलं की सूर गळतात. पी-१४५ वर जमतं, आणि नीट जमतं. पट्टी अलगद दाबली तरी सूर उमटतो, त्या तळच्या टोकाला त्याची पकड भरवशाची आहे. या किमतीच्या गटात हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

दहावा तुकडा, कामावरून घरी परतणारा आनंदी शेतकरी, पहिल्या तुकड्याच्या उलट: चाल डाव्या हातात, उजवा हात मधल्या ठोक्यांवर छोटे कॉर्ड टाकतो. इथे कॉर्ड चालीच्या अंगावर चढता कामा नयेत. वाद्य साथ देतं, पण डाव्या हाताचा आवाज स्पीकरमधून जरा पोकळ येतो. स्पीकर १२ बाय ८ सेंटिमीटरचे दोन, ताकद ७ वॉट प्रत्येकी. खर्जाला एवढ्याने भर येत नाही. हेडफोन लावले की तीच चाल भरदार होते, म्हणजे मूळ ध्वनी उत्तम आहे आणि कमी आहे ती स्पीकरची. मुलाला वाटतं डावा हात कमी पडतोय, आणि ते ठोकायला लागतं. त्याला एकदा हेडफोनमधून ऐकवा.

आठवा तुकडा, बेफाम घोडेस्वार, तुटक स्वरांचा आणि जोराचा. इथे मुलं खांद्यापासून हात मारतात. क्लारा यांच्या पद्धतीत हात पट्टीजवळच राहतो, उडी असते ती बोटाच्या टोकाची आणि मनगटाची. पी-१४५ च्या पट्ट्या वर येताना हलकासा ठक आवाज करतात, आणि तळाशी आपटल्या तर तो टेबलात उतरतो. खालच्या मजल्यावर लहान बाळ झोपलेलं असेल तर स्टँडच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे द्या. एकच स्वर भराभर पुन्हा वाजवायचा असेल तर पट्टी बरीचशी वर येऊ द्यावी लागते. ग्रँड पियानोसारखी अर्ध्यातून परत घेता येत नाही. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत हे आड येत नाही.

खरी परीक्षा ट्रॉयमरायची. रॉबर्ट यांच्या १८३८ च्या किंडरझेनेन या १३ तुकड्यांच्या संचातला हा सातवा, एफ मेजरमध्ये. मधल्या सीवरून सुरू होऊन वरच्या एफपर्यंत चढणारी पहिली ओळ सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. रॉबर्ट यांनी छापलेली मेट्रोनोमची गती मिनिटाला १०० ठोके. पुढे क्लारा यांनी त्यांच्या पियानो रचनांची शिकवणीसाठी आवृत्ती केली, तिच्यात ८०. पी-१४५ मध्ये मेट्रोनोम आहे, तेव्हा दोन्ही लावून पाहा. १०० ला तुकडा हलका, बोलता होतो. ८० ला श्वास लांबतो आणि मधल्या सुरांना जागा मिळते. हल्ली मैफलीत याहूनही संथ वाजवतात, पण वाजवायला शिकताना या दोन आकड्यांच्या मधेच राहावं, कारण फार संथ गतीत डिजिटल पियानोचा सूर विझतो आणि ओळ तुटते.

या तुकड्यात सूर लांबवणारं पायाखालचं पेडल सगळं काही आहे, आणि पी-१४५ ची मोठी उणीव इथेच उघडी पडते. खोक्यात मिळतं ते पेडल नाही, चौकोनी बटण आहे. त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. ट्रॉयमरायमध्ये खालचा खर्ज राखून वरचे सूर पुसायचे असतात; त्यासाठी पाय अर्ध्यावर थांबतो. बटणावर एक तर सगळं एकमेकांत कालवतं, नाही तर खर्जही तुटतो. वेगळं मिळणारं एफसी३ए पेडल लावलं की हाफ पेडल चालतं. ते पहिल्याच दिवशी घ्यावं. खोक्यातल्या बटणाची सवय पायाला लागली की ती सोडवायला महिने जातात. आणखी एक. वाद्य सुरू करताना पाय पेडलवर असेल तर पेडल उलटं ओळखलं जातं: दाबलं की सूर तुटतो, सोडलं की लांबतो. दुकानात फोन करायची गरज नाही. वाद्य बंद करा, पाय काढा, पुन्हा सुरू करा.

ट्रॉयमरायबद्दल पॉलिफनीचा, म्हणजे वाद्य एका वेळी किती सूर वाजते ठेवू शकतं याचा, प्रश्नही विचारला जातो. पी-१४५ ची मर्यादा ६४ स्वरांची. चार पदरी लेखनाला, पेडल वेळेवर बदललं तर, ती पुरते. पुढे लांब पेडलचे मोठे तुकडे वाजवायचे असतील तर ९६ स्वरांचा आणि ग्रँडच्या पट्टीसारखा बारीक खटका असलेला रोलँड एफपी-१० आधी हाताखालून घालून पाहा. तो १२.३ किलोचा आहे, आणि त्याच्या पट्टीला खोली जास्त वाटते.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदला. स्पर्शाची निवड सॉफ्ट, मीडियम, हार्ड आणि फिक्स्ड अशी असते. मीडियमवर सुरू करा. पेटीवरून आलेल्या मुलाला तीन-चार महिन्यांनी हार्डवर न्या, म्हणजे हळू आणि मोठ्यातलं अंतर रुंद होतं आणि बोटाला काम पडतं. फिक्स्डला हात लावू नका; त्यात सगळे सूर एकाच जोराने येतात, म्हणजे पुन्हा पेटीच. दुसरं, रिव्हर्ब बंद. हॉलचा घुमारा तुटलेली ओळ झाकतो, आणि मुलाला वाटतं की सूर जोडून येताहेत. तिसरं, व्हॉल्यूम. घरात आवाज नको म्हणून तो पाव भागावर ठेवला जातो, मग मूल ऐकू यावं म्हणून ठोकतं. जोरात वाजवलं तर खोली भरेल इथपर्यंत आणा, तिथे चिकटपट्टीची खूण करा आणि मुलाला सांगा, आता आवाज बोटाने कमी करायचा. ही सेटिंग एक बटण धरून ठरावीक पट्टी दाबून होतात. कुठली पट्टी कशासाठी, याचा कागद काढून वाद्यामागे चिकटवून ठेवा. केबल लावून फोनमधल्या अ‍ॅपवरूनही करता येतात.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, दुपारची हवा खणखणीत कोरडी, आणि पावसाळा लागला की दारं फुगून अडकतात. लाकडी पियानोचा ध्वनिफलक याच हवेने आकसतो, फुगतो, आणि सूर उतरतो. इथे तो वर्षाला दोनदा लावून घ्यावा लागतो. डिजिटलला ही कटकट नाही, आणि शिकणाऱ्या घरासाठी हा फायदा लहान नाही. कूलरचं मात्र सांभाळा. कूलरचा ओला झोत थेट पट्ट्यांवर आला तर आतल्या संपर्कांवर ओल बसते आणि काही महिन्यांनी एखादी पट्टी अचानक जोरात बोलायला लागते किंवा मुकी होते. वाद्य झोताच्या बाजूला ठेवा, समोर नको. शिवाय कूलरच्या घरघरीत हळू वाजवलेलं ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते बोट शिकत नाही. उन्हाळ्यात सराव सकाळी सहा-सातला, कूलर लागण्याआधी, हे सगळ्यात उत्तम.

पांढऱ्या पट्ट्यांवर घामाची बोटं घसरतात, जवळ सुती रुमाल ठेवा. झाकायला जुनी सुती चादर घ्या. प्लास्टिकच्या आवरणात पावसाळी ओल कोंडते. हे वाद्य १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालतं, बॅटरीची सोय नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर आरामात चालतं. इन्व्हर्टर नसेल तर बंद वाद्यावर बोटं फिरवण्यात अर्थ नाही. रॉबर्ट यांनी तरुण वादकांसाठी लिहिलेल्या नियमांत मुक्या पट्ट्यांवरचा सराव निरुपयोगी ठरवला आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. त्या वेळात वीक यांच्यासारखं करा: ओळ गाऊन घ्या.

कंपनीचा लाकडी स्टँड एल-१०० घ्यावा. कैचीचा स्टँड स्वस्त पडतो, पण बेफाम घोडेस्वार वाजवताना वाद्य डोलतं आणि गुडघ्यांना जागा उरत नाही. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळतात, त्याचा भार मग मनगटावर येतो. घरातला लाकडी पाट पायांखाली द्या. गुळगुळीत फरशीवर पेडल पुढे सरकत जातं, त्याच्याखाली रबरी पायपुसणं घाला. हेडफोनचा जॅक एकच आहे. शिक्षकांनाही ऐकायचं असेल तर स्प्लिटर घ्या.

कुठपर्यंत पुरेल? रोज तासभर सराव करणाऱ्याला पियानोच्या परीक्षांच्या चौथ्या-पाचव्या ग्रेडपर्यंत निश्चिंत. परीक्षेआधी दोन-तीन बैठका खऱ्या पियानोवर झाल्याच पाहिजेत, कारण तिथे पट्टी जड लागते आणि पेडलखाली सगळ्या तारा एकदम बोलतात. याची ओळख हॉलमध्ये होऊन चालत नाही.

दुकानात गेलात की डेमो गाणी ऐकू नका. रिव्हर्ब बंद करायला सांगा. मधल्या सीपासून पाच पट्ट्या, जितक्या हळू दाबता येतील तितक्या, सूर न गाळता वाजवा. मग त्याच पाच, प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा केसभर मोठा. मग तेच ए फ्लॅटवरून, बोटं आत घालून. शेवटी एक कॉर्ड धरून पेडल हळूहळू सोडा आणि सूर पायाबरोबर विरतो की एकदम तुटतो ते ऐका. तुटला तर बिलात एफसी३ए घालून घ्या आणि ते लावून पुन्हा वाजवा.